दुधाचा हिशेब

'रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही' ही म्हण आपण ऊठसूट वापरतो. नळाला पाणी येत नाही म्हणून नगरपालिकेवर मोर्चा न्यायचा असो, नाहीतर नवऱ्याकडून घरखर्चाचे पैसे वाढवून घ्यायचे असोत. मीही महिला मंडळाच्या भाषणांत ती कितीदा तरी वापरलीय. पण आता ती ओठांवर आली, की मी मध्येच थांबते. का, ते आज सांगते. सांगताना थोडी लाज वाटतेय, पण मैत्रिणींनो, तुमच्यापाशी नाही सांगायचं तर कुणापाशी?

आमचं गाव विट्यापासून चार-पाच किलोमीटरवर. आमच्या भागातली कितीतरी घरं गलाईच्या म्हणजे सोनं-चांदी आटवण्याच्या धंद्यापायी केरळ, तमिळनाडूपासून पार उत्तरेपर्यंत पांगलेली. मुली लग्न करून तिकडे जातात, पण पहिलं बाळंतपण माहेरीच. माझी पुतणी, म्हणजे मोठ्या दिरांची लेक, अशीच २०२४ च्या जूनमध्ये केरळातून आली. १ ऑगस्टला तिचं सिझर झालं. मुलगी झाली. वजन २ किलो ८०० ग्रॅम. सगळं छान, पेढे वाटून झाले.

५ ऑगस्टला, पहिल्या श्रावणी सोमवारी, बाळ-बाळंतीण घरी आली. त्याच रात्री पाचवी. पाटा-वरवंटा मांडला, सटवाईनं नशीब लिहावं म्हणून कोरा कागद आणि पेन ठेवलं. गल्लीतल्या बायका जमल्या. बाळ कसं आहे, असं कुणीतरी विचारलं, तर माझ्या जाऊबाई कौतुकानं म्हणाल्या, "लई गुणाचं आहे बघा! रडणं म्हणून ठाऊक नाही. जरा पाजलं की निजतंय, ते पाच-पाच तास उठत नाही."

"नशीबवान गं बाई तुमची लेक! आमच्या घरी तर रात्रभर जागरण," दुसरी म्हणाली.

मी बाळाला मांडीवर घेतलं. डोळे मिटलेले, मुठी वळलेल्या. हलवलं तरी हूं की चूं नाही. मीही म्हटलं, "किती शहाणी आहेस गं ठकूताई!"

पुतणी हसली. म्हणाली, "काकू, मी मोबाईलवर बघितलंय. एक बाई सांगते, पहिल्यापासून टायमावर ठेवलं ना, की बाळाला रुटीन लागतं. रात्री उठतच नाही. यांनी पण तिकडून तक्ता पाठवलाय."

"आणि निजलेल्या लेकराला उठवू नये," आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, शिक्कामोर्तब केलं.

मोबाईल आणि आजी, दोघांचं एकमत झालं! असं आमच्या घरात पहिल्यांदाच घडत होतं.

दुसऱ्या दिवशी, ६ तारखेला, मी शेजारच्या गावच्या अंगणवाडीत होते. दरवर्षी १ ते ७ ऑगस्ट हा जागतिक स्तनपान सप्ताह असतो, त्याचा कार्यक्रम होता. मी तिथे चाळीस मिनिटं बोलले. नवजात बाळाला चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजायचं, चीक फेकायचा नाही, पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही... बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी घरी आले, जेवले आणि झोपले. दोन भिंतींपलीकडे पाच-पाच तास उपाशी निजणाऱ्या बाळाची मला आठवणही झाली नाही.

तागडीनं खरं सांगितलं

७ तारखेला सकाळी आशाताई आल्या. त्यांच्या पिशवीत झोळीचा वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ असं सगळं असतं. त्यांनी बाळाला झोळीत घालून काटा उचलला. बघितलं. पुन्हा एकदा वजन केलं. मग हळूच म्हणाल्या, "२ किलो ४००."

जाऊबाई म्हणाल्या, "काटा बिघडला असेल."

"किती वेळा पाजताय?"

"पाच... सहा वेळा," पुतणी चाचरली.

"लघवी किती वेळा करते?"

आता मात्र सगळे एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागलो. कधी जाऊबाई दुपटं बदलत, कधी आत्याबाई, कधी अंघोळ घालायला येणाऱ्या मावशी. मोजलं कुणीच नव्हतं! आशाताई परसात गेल्या. दोरीवर कालपासूनचे लंगोट वाळत होते, अवघे दोन. एक ओला लंगोट बादलीत होता, त्यावर विटकरी-गुलाबी डाग. त्यांनी बाळाला खिडकीपाशी, उजेडात आणलं. छातीवर, पोटावर बोटानं दाबून बघितलं. कातडी हळदीसारखी पिवळी.

"आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला," त्या म्हणाल्या. बाळाच्या आईच्या हातातून मोबाईल खाली पडला, तो उचलायचंही कुणाला सुचलं नाही.

बाळाचं वजन जन्मल्यावर थोडं उतरतंच. शेकडा सात-आठपर्यंत उतरलं तरी घाबरायचं कारण नसतं. पण शेकडा दहाच्या वर गेलं, तर डॉक्टरांनी बघायलाच हवं. साधारण पाचव्या दिवसापासून वजन पुन्हा चढायला लागतं आणि दहा ते चौदा दिवसांत जन्माइतकं होतं. आमच्या ठकूचं ४०० ग्रॅम गेलं होतं, शेकडा चौदा!

डॉक्टरांनी समजावून सांगितलं, ते असं. सिझरनंतर पुष्कळदा दूध उतरायला एखादा दिवस जास्त लागतो. त्यात बाळ वारंवार लावलं नाही, तर आणखी उशीर. बाळाला दूध कमी गेलं, की शी कमी होते आणि कावीळ अंगाबाहेर पडत नाही. कावीळ वाढली, की बाळ सुस्तावतं. सुस्तावलेलं बाळ ओढत नाही, म्हणून दूध आणखी कमी जातं. असं हे चक्र फिरत राहतं. आणि बाहेरून बघणाऱ्याला काय दिसतं? 'शहाणं बाळ!'

रडायलासुद्धा अंगात बळ लागतं, बायांनो. आमच्या लेकराकडे ते उरलं नव्हतं.

तीन दिवस बाळ निळ्या दिव्याखाली होतं. डोळ्यांवर पट्टी. दर दोन तासांनी बाहेर काढून आईच्या छातीशी लावायचं, मग आईनं हातानं पिळून काढलेलं दूध वाटी-चमच्यानं भरवायचं. नागपंचमी आमची दवाखान्याच्या बाकावर झाली. दुसऱ्या रात्री कधीतरी बाळानं पहिल्यांदा कडाडून टाहो फोडला. शेजारच्या खाटेवरची बाई वैतागली, पण माझ्या जाऊबाईंनी त्या रडण्याला हात जोडले.

माझं जुनं दुखणं

तुम्ही म्हणाल, बाई समाजकार्य करते आणि घरात अंधार! अगदी खरं आहे. पण माझ्या बाबतीत ही दुसरी चूक. पहिली २००१ सालातली, माझ्या मोठ्या मुलाच्या वेळची.

बी. ए. झालेली, तेवीस वर्षांची मी. कुठल्याशा पुस्तिकेत वाचलं होतं, बाळाला दर तीन तासांनी पाजावं, मध्ये नाही, शिस्त लागते. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसायची. बाळ दीड तासात रडायला लागायचं, मी खांद्यावर टाकून फेऱ्या मारायची. संध्याकाळी तर तो आकांत करायचा. मग सगळ्यांचं ठरलं, 'हिला दूध पुरत नाही.' आली बाटली. बाटलीनं पोट भरलं, की तो अंगावर कमी ओढायचा. कमी ओढला, की दूध कमी व्हायचं. तिसऱ्या महिन्यात माझं दूध आटलं. चौथ्या महिन्यात त्याला बाटलीतून जुलाब लागले आणि सलाईन लावावं लागलं. एवढ्याशा मनगटात शीर सापडेना, ते दृश्य चोवीस वर्षं झाली तरी डोळ्यांपुढून जात नाही.

पुढे २००५ मध्ये एका प्रशिक्षणाला गेले, तेव्हा कळलं की माझं दूध कमी नव्हतंच. दुधाचं गणित विहिरीसारखं आहे. उपसा होईल तसा झरा वाहतो. बाळ जितक्या वेळा ओढेल, तितकं अंगात दूध तयार होतं. रात्री तर दूध तयार करणारं संप्रेरक जास्तच असतं, म्हणून रात्रीचं पाजणं टाळायचं नसतं. आणि संध्याकाळी तास-अर्ध्या तासानं पुन्हा पुन्हा प्यायला मागणं, हे पहिल्या दोन-तीन महिन्यांत अगदी नेहमीचं. तो उपासमारीचा पुरावा नव्हे!

म्हणजे बघा, माझं बाळ रडत होतं, तर मी घड्याळ बघून त्याला थांबवलं. आणि पुतणीचं बाळ रडत नव्हतं, तर आम्ही त्याला तसंच निजू दिलं. चुका उलट्यासुलट्या, पण मूळ एकच. दोन्ही वेळा आम्ही बाळाकडे बघितलंच नाही.

कॅलेंडरवरचे ठिपके

दवाखान्यातून घरी आल्यावर डॉक्टरांनी सांगितलं होतं, जन्माचं वजन भरून येईपर्यंत दिवसा दोन-अडीच तासांनी आणि रात्री फार तर तीन तासांनी उठवून पाजा. लघवी-शी मोजा.

मोजायचं कसं? घरात सतरा माणसांचा राबता. माझे मोठे दीर डेअरीला दूध घालतात. कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात रोजच्या लिटरचा आकडा टिपून ठेवायची त्यांची सवय. त्यांनी काय केलं, भिंतीवरचं कॅलेंडर काढून बाळंतिणीच्या खोलीत लावलं, त्याला दोरीनं पेन बांधलं आणि फर्मान काढलं, "पाजलं की उभी रेघ. लंगोट ओला की ठिपका. शी झाली की फुली. जो बघेल त्यानं लिहायचं."

आपल्याच पोटच्या पोरांना कधी कडेवर न घेतलेला हा माणूस! रोज सकाळी चष्मा लावून रेघा मोजू लागला. "काल दहा रेघा, सात ठिपके. आज सकाळपास्नं दोनच ठिपके कसे?" असं ओरडायला लागला. गाईच्या दुधाचा हिशेब ठेवणाऱ्या घरात लेकीच्या दुधाचा हिशेब सुरू झाला.

हा हिशेब तुम्हीही ठेवू शकता. पहिल्या दिवशी एखादी लघवी, दुसऱ्या दिवशी दोन, अशी वाढत वाढत पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा, फिकट रंगाची लघवी व्हायला हवी. पहिली काळी, चिकट शी हळूहळू हिरवट होते आणि पाचव्या दिवसापर्यंत मोहरीसारखी पिवळी, पातळसर होते. एवढं होत असेल आणि वजन चढत असेल, तर बाळ रडो नाहीतर झोपो, दूध पुरतंय. 'पुरत नाही' असं म्हणणाऱ्या साऱ्या जणींना खुशाल कॅलेंडर दाखवा.

निजलेल्या बाळाला उठवायचं कसं, हाही प्रश्नच होता. आशाताईंनी शिकवलं. गुंडाळलेलं दुपटं सोडायचं, लंगोट बदलायचा, तळपाय आणि पाठ हलक्या हातानं चोळायची, उघडं बाळ आईच्या उघड्या छातीवर ठेवून वरून पांघरूण घ्यायचं. पिता पिता पेंगलं, की बाजू बदलायची. आणि धरायचं कसं? बाळाचं पोट आईच्या पोटाला लागलेलं, तोंड मोठं उघडलेलं, नुसती बोंडी नव्हे तर भोवतालचा काळा भागही तोंडात, हनुवटी टेकलेली. असं धरलं तर आईला दुखत नाही. दुखत असेल, बोंडीला चिरा पडत असतील, तर धरणं चुकतंय, दूध नव्हे.

भुकेची खूणही ओळखायला शिकलो. बाळ आधी चुळबुळ करतं, जीभ बाहेर काढतं, मूठ तोंडाकडे नेतं, गालाला बोट लागलं की तिकडे तोंड वळवतं. रडणं सगळ्यात शेवटी. म्हणजे आपली ती म्हण बाळाच्या बाबतीत अगदी चुकीची! रडायच्या आधीच पाजायचं असतं.

१४ व्या दिवशी आशाताई पुन्हा आल्या, वजन २ किलो ६००. २१ व्या दिवशी २ किलो ८३०. मोठ्या दिरांनी कॅलेंडरवर त्या तारखेला गोल केला आणि गल्लीत पुन्हा पेढे वाटले.

रात्र वैऱ्याची नसते

बाळ तरतरीत झालं आणि आता दुसरीच तऱ्हा. दिवसा गाढ झोप, रात्री दोन ते चार टकटकीत जागं. पुतणी रडकुंडीला आली. "काकू, ही कधी सुधारणार?"

नवं बाळ दिवसातले चौदा ते सतरा तास झोपतं, पण एकसलग नाही, तुकड्यातुकड्यानं. पोट एवढंसं. पहिल्या दिवशी तर एका वेळी चहाचा चमचा-दीड चमचा चीक पुरतो. ते पोट दोन-तीन तासांत रिकामं होणारच. आणि दिवस-रात्र ओळखणारं शरीरातलं घड्याळ बसायला दोन-तीन महिने जातात. म्हणून पहिल्या महिन्यात 'रात्रभर झोपणारं बाळ' हे स्वप्नच मनातून काढून टाकावं. पण त्या घड्याळाला किल्ली मात्र देता येते.

आम्ही काय केलं? बाळंतिणीची खोली म्हणजे अंधारकोठडी, हे आधी बंद केलं. सकाळी खिडक्या उघडायच्या, उजेड येऊ द्यायचा, भांड्यांचे आवाज, बोलणं चालू द्यायचं. अंघोळ रोज ठरल्या वेळी. संध्याकाळी दिवे लागले, की आवाज हळू. रात्री पाजायला उठलं, की बारीक दिवा, गप्पा नाहीत, मोबाईल नाही. लंगोट खराब असेल तरच बदलायचा आणि पुन्हा निजवायचं. झोपेत बाळ कण्हतं, हातपाय झाडतं, तोंड वेडंवाकडं करतं. त्याची निम्मी झोप अशीच चाळवलेली असते. लगेच उचलायचं नाही, मिनिटभर थांबायचं. पुष्कळदा ते आपलं आपण निजतं.

आणि धुरी? आत्याबाईंशी वाद घालायची माझी हिंमत नव्हती. डॉक्टरांनीच सांगितलं, "आजी, एवढ्याशा छातीत धूर नको. बाजेखाली शेगडीही नको." त्यांनी दोन दिवस अबोला धरला, पण ऐकलं. घुटीचं असंच. सहाण मांडून बसल्या होत्या. 'जरा जायफळ उगाळून देते, गाढ निजेल.' मी हात धरला. "आत्याबाई, गाढ झोपेनंच तर घात केला होता ना?" त्या गप्प झाल्या. मग स्वतःच सांगायला लागल्या, त्यांच्या आईच्या काळी शेतावर जाणाऱ्या बायका पोराला अफूचा कण चाटवून निजवायच्या. मुंबईत गिरणीकामगार बायकांच्या बाळांनाही अफूची बाळगोळी दिली जायची. "त्यातली किती उठली नाहीत, कुणाला ठाऊक," म्हणाल्या आणि सहाण उचलून ठेवली.

कधी झोपवण्याचं औषध, कधी मध, कधी ग्राइप वॉटर, यातलं काहीही सहा महिन्यांच्या आत नको. मध तर वर्षाच्या आत अजिबात नको. त्यातल्या जंतूंच्या विषानं बाळ लुळं पडू शकतं.

आईच्या झोपेचं काय?

सगळ्या घरानं बाळाचं रुटीन लावलं, पण आईचं? पाच-सहा आठवड्यांच्या सुमारास बाळाचं रडणं सगळ्यात जास्त असतं, पुढे तीन-चार महिन्यांत ते ओसरतं. त्याच दिवसांत एकदा मी खोलीत गेले, तर पुतणी भिंतीकडे तोंड करून बसलेली. बाळ पाळण्यात रडतंय आणि हिचं लक्षच नाही. मी खांद्यावर हात ठेवला, तर म्हणाली, "काकू, मीच तिला उपाशी मारत होते. मला आई व्हायचा हक्कच नाही."

सहा आठवडे ती पोर हे मनात घेऊन बसली होती! आम्ही तिला डिंकाचे लाडू देत होतो, अळिवाची खीर देत होतो, बाळंतशेपा देत होतो. तिला कसं वाटतंय, हे मात्र विचारत नव्हतो.

मी तिला माझ्या मुलाची गोष्ट सांगितली, २००१ सालची. आजवर घरात कुणापाशी बोलले नव्हते. दोघी रडलो. मग तिला डॉक्टरांकडेही नेलं. बाळंतपणानंतरची उदासी दोन आठवड्यांच्या पुढे टिकली, झोप लागेना, बाळाकडे बघावंसं वाटेना, तर तो आजार असतो आणि त्यावर उपचार आहेत. नखरे नव्हेत ते.

त्या दिवसापासून कॅलेंडरवर आणखी एक खूण आली. आईची झोप. संध्याकाळी बाळ जाऊबाईंकडे. पहाटे पाचचं पाजून झालं, की आजोबांकडे. मोठे दीर तिला उपरण्यात घेऊन ओट्यावर बसायचे, कोंबड्याची बांग ऐकवायचे, गोठ्यातल्या गाई दाखवायचे. तेवढे दोन-अडीच तास पुतणीला कुणी हाक मारायची नाही, असा दंडकच! जावई महिन्याच्या सुट्टीवर आले, तेव्हा रात्री बाळाला उठवून आईजवळ आणणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं त्यांच्याकडे. दूध पाजणं सोडलं, तर बाळाचं एकही काम असं नाही, की जे पुरुषाला जमत नाही.

तिसऱ्या महिन्यात ठकूताईंची दिनचर्या आपोआप लागली. उठायचं, प्यायचं, जरा खेळायचं, पुन्हा निजायचं. रात्री आठला निजून एकदा-दोनदा उठतात. घड्याळ आम्ही लावलं नव्हतं, नुसता क्रम लावला होता.

गडचिरोलीचं देणं

आशाताईंचा तो काटा आमच्या दारात आला कसा, हेही जाता जाता सांगते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गडचिरोली जिल्ह्यातल्या ३९ खेड्यांत १९९३ पासून एक प्रयोग केला. गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरोघरी काळजी घ्यायची, वजन करायचं, धोका ओळखायचा. त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू शेकडा ६२ नं कमी झाले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. पुढे २०११ पासून देशभरच्या आशाताईंकडे हे काम आलं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल, तर त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. आपल्याकडे पुष्कळ घरांत त्यांना ओट्यावरूनच परत पाठवतात. 'सुयेर आहे', 'बाळ निजलंय', 'नजर लागेल.' मैत्रिणींनो, असं करू नका. आमच्या घरात त्या दिवशी आशाताईंना कुणी ओट्यावरून परत पाठवलं असतं तर... पुढचा विचारही नको.

भिंतीवर लावून ठेवा

• जन्मल्यावर तासाभरात बाळ छातीशी. सिझर असलं तरी आई शुद्धीवर असेल, तितक्या लवकर.
• चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजा. जन्माचं वजन भरेपर्यंत तीन तासांच्या वर निजू देऊ नका, उठवून पाजा.
• पाचव्या-सहाव्या दिवसापासून सहा ओले लंगोट. कमी असतील किंवा विटकरी डाग दिसला, तर त्याच दिवशी दाखवा.
• निजवताना पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर. उशी, मऊ खेळणी, जड गोधडी जवळ नको. साडीच्या झोळीत हनुवटी छातीला टेकत नाही ना, ते बघा. एकटं सोडू नका.
• पिळून काढलेलं दूध झाकून ठेवा, चार तासांच्या आत वाटी-चमच्यानं पाजा. उन्हाळ्यात त्याहून लवकर. बाटली नको.
• बाळ ओढेनासं झालं, अंग तापलं किंवा गार पडलं, श्वास जोरानं चालला, छाती आत ओढली जाऊ लागली, झटके आले, तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर वाट बघायची नाही. दवाखाना!

ठकूताई केरळात परत गेल्या, तेव्हा जाऊबाईंनी ऑगस्टचं ते पान कॅलेंडरमधून फाडून घडी घालून पुतणीच्या पिशवीत ठेवलं. पाचवीला सटवाईसाठी ठेवलेला कोरा कागदही त्यातच होता. तो कोराच राहिला होता, आणि हे पान मात्र रेघांनी, ठिपक्यांनी, फुल्यांनी गच्च भरलेलं.

परवा शेजारी पाचवी होती. आत्याबाई ऐंशीच्या पुढच्या, काठी टेकत गेल्या. तिथंही कुणीतरी म्हणालं, "आमचं बाळ फार गुणाचं, रडतच नाही."

आत्याबाई खाली बसायच्या आधीच म्हणाल्या, "गुणाचं आहे ते ठीक. लंगोट किती झाले, ते आधी सांग."